खीळ आणि पाचर

सोलापूरहून तुळजापूरकडे येताना तामलवाडी मागे पडली, थोड्या वेळाने चढ सुरू झाला आणि मागून आवाज आला, “थांब जरा. डाव्या पायाखाली टकटक होतंय.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. समोरचा वारा आणि शेजारून जाणारे ट्रक यांनीच कान भरले होते. पण टँडेमवर, म्हणजे दोघांच्या सायकलीवर, माझ्या मागे बसणाऱ्या मित्राला दिसत नाही. रस्ता तो कानांनी आणि तळपायांनी ओळखतो. डांबर संपून खडी लागली हे बऱ्याचदा तोच आधी सांगतो. त्यामुळे वाद न घालता मी सायकल कडेला घेतली आणि त्याच्या डाव्या पायडलची क्रँक धरून हलवली. सूतभर हलली.

सूतभर म्हणजे इंचाचा आठवा भाग. चौकटीच्या दाराला एवढी फट असली तर सुतार पट्टी मारून भागवतो. क्रँकला सूतभर खेळ असला तर पुढच्या दहा-वीस किलोमीटरांत ती क्रँक कायमची जाते. तो आवाज आम्ही दोन दिवस आधी ऐकायला हवा होता, हे मला त्या चढावर उमगलं. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला, आणि आपल्याकडे गावोगावी सायकली असताना तो फारसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

क्रँक म्हणजे पायडल आणि सायकलीच्या पोटातला आस यांना जोडणारा दांडा. लांबी साधारण १७० मिलिमीटर, वीतभराहून थोडी कमी. साठ किलो वजनाचा माणूस चढावर सीटवरून उठतो आणि आडव्या आलेल्या क्रँकच्या टोकावर सगळा भार टाकतो, तेव्हा आसापाशी सुमारे १०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर तरफेचा नियम आठवावा. आसाच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंतचं अंतर असतं जेमतेम सहा मिलिमीटर. म्हणजे बाहेरचा दांडा आतल्यापेक्षा अठ्ठावीस पट लांब. साठ किलोचा भार आत पोचतो तो दीड टनाच्या पुढे जाऊन, आणि तो पेलायचा असतो नखाएवढ्या जागेने. मिनिटाला साठ फेरे धरले तर तासाभरात हा प्रकार ३६०० वेळा घडतो. चार चाकांच्या गाडीतही एवढ्याशा जागेवर इतका ताण फार थोड्या सांध्यांना सोसावा लागत असेल.

हा सांधा टिकतो कसा? इथे आपल्याकडचीच दोन अवजारं आठवावी लागतात: बैलगाडी आणि कुऱ्हाड.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर इथला माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जात असल्याचा उल्लेख आहे. त्या गाड्यांची चाकं आजच्या बैलगाडीसारखीच आसावर मोकळी फिरत असणार. आस जागच्या जागी राहतो, चाक त्याच्याभोवती फिरतं, आणि ते बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात. खिळीचं काम एवढंच, सुटू न देणं. फिरवण्याचा भार तिच्यावर येत नाही.

कुऱ्हाडीचं गणित वेगळं. दांडा आणि पातं एकजीव व्हायला हवीत. दांडा वळला की पातं वळलं पाहिजे. म्हणून तिथे पाचर लागते. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड असा लाकडाचा किंवा लोखंडाचा तुकडा ठोकला की दांडा फुगतो, पात्याच्या भोकात चारी बाजूंनी दाटतो आणि त्या दाबातूनच पकड येते. पाचरेचा उतार जितका कमी तितकी ती घट्ट धरते आणि आपण होऊन मागे सरकत नाही.

सायकलीची क्रँक कुऱ्हाडीच्या जातीची आहे, बैलगाडीच्या चाकाच्या नव्हे. तिच्यावर दिसतो तो नट किंवा बोल्ट, आणि आपल्याला वाटतं हाच तिला धरून आहे. धरते ती पाचर. बोल्ट पाचरेला जागेवर ओढतो आणि नंतर खिळीसारखा राखणीला बसतो. ज्याला हे कळलं तो सैल क्रँकवर नुसता पाना फिरवून पुढे जात नाही.

आपल्या खेडोपाडी धावणाऱ्या साध्या काळ्या सायकलीत ही पाचर उघड दिसते. तिलाच कॉटर म्हणतात. साधारण ९.५ मिलिमीटर जाडीची गोल कांडी, एका अंगाने तिरपी तासलेली, आणि बारीक टोकाला आटे. आसाला आडवी सपाट खाच असते. कॉटर क्रँकमधून आरपार जातो, त्याची तिरपी बाजू त्या खाचेवर चढते आणि ठोकत गेलं की दाटते. पलीकडच्या टोकाला वायसर आणि नट. सायकलच्या दुकानात पोर येऊन म्हणतं, “काका, पायडल हलतंय,” तेव्हा दहांतल्या बहुतेक वेळा कॉटर झिजलेला असतो.

धाराशिवात या कॉटरला वेगळं महत्त्व आहे. राज्याचं मानव विकास मिशन २००६ साली सुरू झालं तेव्हा मानव विकासात मागे राहिलेल्या ज्या १२ जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. पुढे या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असणाऱ्यांना सायकल, लांबच्यांसाठी एसटी. कळंब, भूम, परंड्याच्या बाजूला सकाळी मुलींची रांग सायकलवर शाळेला जाताना पाहिली की मला मनापासून बरं वाटतं. अशा साध्या सायकलींना बहुधा कॉटरच असतो. पाच किलोमीटर जाणं, पाच येणं, दप्तर, मागे कधी धाकटी बहीण, आणि पावसाळ्यात चाकाला लपेटणारी काळी माती. कॉटर सैल झाला आणि गावात दुकान नसलं, तर ती मुलगी चालत जाते, किंवा त्या दिवशी जात नाही. म्हणून तो बसवायची रीत पूर्ण सांगतो.

आधी दुखणं नक्की करायचं. दोन्ही क्रँक दोन हातांत धरून सायकलीच्या आत-बाहेर हलवायच्या. दोन्ही एकदम डुलल्या तर क्रँकचा दोष नाही. आसाच्या वाट्या सैल आहेत किंवा छर्रे गेलेत. एकच हलली तर तिचा सांधा सैल. दुसरी खूण डोळ्यांची: बाजूने पाहिलं तर दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत हव्यात. एक जरा खाली झुकलेली दिसली तर कॉटर झिजून क्रँक आसावर सरकली आहे. चालवताना पायाला हे आधी कळतं. दर फेऱ्याला एकाच जागी पाय क्षणभर रिकामा पडतो आणि मग टक्कन धरतो.

जुना कॉटर काढताना बहुतेकांची चूक ही की नट पूर्ण काढून उघड्या आट्यांवर हातोडी घालतात. आटे चपटे होतात, कॉटर फुलतो आणि मग काही केल्या निघत नाही. नट कॉटरच्या टोकाशी बरोबरीला येईल इतकाच सैल करावा, म्हणजे घाव आट्यांवर पडत नाही. आणि घाव घालण्याआधी क्रँकखाली टेकू हवाच. जाड लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर उभा करून त्याचं वरचं तोंड क्रँकखाली द्यावं, कॉटरचं डोकं नळीच्या पोकळीत येईल असं. टेकू नसला तर हातोडीचा धक्का आसावाटे छऱ्यांवर जातो, वाटीत खड्डे पडतात आणि एका दुखण्याचं दुसरं होतं. टेकू पक्का असेल तर एक जोरदार घाव पुरतो. दहा हलके घाव कॉटर काढत नाहीत, फक्त बिघडवतात.

नवा कॉटर तसाच घालू नये. तो खाचेत किती उतरतो ते आधी पाहावं. कमी उतरत असेल तर तिरप्या बाजूवर कानस एकसारखी, सपाट फिरवावी. गोलाई आली की कॉटर एकाच रेघेवर टेकतो आणि आठवड्यात पुन्हा सैल होतो. एकदा ठोकून बाहेर काढला तर त्या बाजूवर चकाकी दिसते. ती पट्टीभर पसरलेली असावी. दोन्ही बाजूंचे कॉटर घालण्याची दिशाही पाळावी लागते. डावी क्रँक पुढे आडवी धरून कॉटर वरून घातला असेल, तर अर्धा फेरा फिरवून उजवी क्रँक पुढे आणावी आणि तिचाही वरूनच घालावा. एक वरून, एक खालून घातला तर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येतच नाहीत. मग खाली टेकू, कॉटरच्या डोक्यावर दोन-तीन ठाम घाव, आणि शेवटी नट. नट आवळून कॉटर ओढायचा प्रयत्न करू नये. आटे लहान, ते जातात. चार-पाच किलोमीटर चालवून परत एकदा ठोकून नट आवळला की काम झालं. एवढी रीत आणि सात-आठ कॉटर, एक हातोडी, एक कानस आणि नळीचा तुकडा शाळेत असला तर मुली स्वतः हे करू शकतात. मी त्यांना करताना पाहिलंय. पहिल्या घावाला बिचकतात, तिसऱ्याला नाही.

आमच्या टँडेमला मात्र कॉटर नाही. अलीकडच्या बऱ्याच सायकलींसारखी तिच्यात चौकोनी पाचर आहे. पोलादी आसाचं टोक चौकोनी, टोकाकडे निमुळतं. प्रत्येक बाजूचा उतार फक्त दोन अंशांचा. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकला तसंच निमुळतं चौकोनी भोक. बोल्ट आवळला की क्रँक त्या उतारावर चढत जाते आणि भोक किंचित ताणलं जातं. त्या ताणातून आलेला दाब चारी अंगांनी आसाला आवळून धरतो. इथे आसच पाचर झाला आहे, आणि क्रँक झाली आहे कुऱ्हाडीचं पातं.

यातली अडचण धातूची आहे. पोलाद कठीण, अ‍ॅल्युमिनियम त्या मानाने मऊ. बोल्ट कमी आवळला गेला असेल तर प्रत्येक दाबाला क्रँक केसभर हलते. आस झिजत नाही, क्रँकचं भोक झिजतं. चौकोनाचे कोपरे गोल होत जातात, खेळ वाढतो, खेळ वाढला की धक्का वाढतो, आणि धक्क्याने भोक आणखी मोठं होतं. एका टप्प्यानंतर बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक उतारावर वर चढून टेकते आणि तरीही हलते. मग ती टाकूनच द्यावी लागते. पत्र्याच्या डब्याची पातळ पट्टी कापून मध्ये घालून घरापर्यंत पोचता येतं. त्याहून अधिक भरवसा त्या पट्टीवर ठेवू नये. आट्यांना लावायचा गोंद तर इथे काहीच करत नाही, कारण दुखणं आट्यांत नाही.

डावी क्रँकच का सैल होते, हा प्रश्न सायकलवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पडलेला आहे. साध्या सायकलीत चेनचं चक्र उजव्या क्रँकला जोडलेलं असतं. उजव्या पायाचा जोर तिथल्या तिथे चेनला मिळतो; त्याला आसातून जावंच लागत नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या सांध्यातून आसात, आसातून उजवीकडे आणि मग चेनला, असा फिरून जातो. त्यामुळे डाव्या सांध्यावर शरीराच्या भाराने येणारा वाक आणि जोराने येणारा पीळ एकाच क्षणी पडतात. उजव्या सांध्यावर ते वेगवेगळ्या वेळी पडतात. दोन पायांपैकी एका पायाचा जोर आसातून जातो, एवढं लक्षात ठेवावं.

आता टँडेम घ्या. हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ ‘अखेरीस’, म्हणजे बऱ्याच वेळाने. इंग्रजांनी त्यावर शब्दखेळ करून एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला तो लावला आणि तिथून तो दोघांच्या सायकलीवर आला. टँडेममध्ये पुढच्या आणि मागच्या माणसाच्या क्रँक एका स्वतंत्र चेनने बांधलेल्या असतात, म्हणून दोघांचे पाय एकाच वेळी फिरतात. बहुतेक चांगल्या टँडेमना ही जोडचेन डावीकडे असते, आणि चाकाकडे जाणारी मुख्य चेन मागच्या माणसाच्या उजव्या क्रँकपासून निघते.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. पुढच्या माणसाचे दोन्ही पाय जो जोर लावतात तो डावीकडच्या जोडचेनने मागच्या डाव्या क्रँकला येतो. त्यात मागच्या माणसाच्या डाव्या पायाचा जोर मिसळतो. हे सगळं मागच्या आसातून उजवीकडे जाणार. चार पायांपैकी तीन पायांचा जोर एका सांध्यातून! साध्या सायकलीत एका पायाचा होता. शिवाय दोघांचे डावे पाय एकदम खाली येतात, म्हणजे जोर आणि भार दोन्ही एकाच क्षणी. मागच्या माणसाचा उजवा पाय एकटाच काय तो सुखी. मित्राला टकटक जाणवली ती त्याच्या डाव्या पायाखाली, म्हणजे अख्ख्या सायकलीतल्या सगळ्यांत कष्टाच्या सांध्यात. त्यात तुळजापूरचा चढ. बालाघाटच्या डोंगररांगेवर चढायचं म्हणजे सपाटीवर जे लपतं ते तिथे उघडं पडतं.

टँडेमवर आवाजाची जागा शोधणंही अवघड. लांब नळ्यांतून आवाज वाहत जातो आणि पुढचं दुखणं मागे ऐकू येतं. आम्ही एक पद्धत बसवली आहे. चालत्या सायकलीवर आधी मी पाय नुसते ठेवतो, जोर लावत नाही. मग तो ठेवतो, मी जोर लावतो. पाय तर दोघांचे फिरणारच, पण आवाज कुणाच्या जोराने येतो ते कळतं. नंतर एकेक पाय. चार फेऱ्यांत सांधा सापडतो. त्या दिवशी मात्र याची गरज पडली नाही.

टँडेमवर एवढं लिहिताना पुण्याच्या दिव्यांशु गणात्रांचं नाव घ्यायलाच हवं. काचबिंदूने १९व्या वर्षी दृष्टी गेलेल्या या मानसशास्त्रज्ञाने ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ ही संस्था उभारली आणि २०१६ साली टँडेमवरून मनाली ते खार्दुंग ला हा प्रवास केला. पाच हजार मीटरांच्या वर जाणाऱ्या खिंडी, तुटके रस्ते, आणि प्रत्येक वळणावर तीन पायांचा जोर सोसणारा तो एक सांधा. दिसणारा आणि न दिसणारा माणूस एकाच यंत्रावर सारखे कष्ट करतात, हे मला टँडेमचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं. मागचा माणूस पाहुणा नसतो. त्याचे पाय थांबले तर चढ चढवत नाही.

आमच्याकडे वाटेत आठ मिलिमीटरची लहान षटकोनी किल्ली होती. तिने बोल्ट आवळला तर पाव फेरा फिरला आणि अडला. तेवढ्याने खेळ गेला नाही, फक्त कमी झाला. तिथे मोह होतो की चला, घाटमाथा जवळच आहे. चालवली नाही. ढकलत वर आणली, आणि बरं झालं, कारण मागची डावी क्रँक निसटली असती तर माझे दोन्ही पाय निकामी झाले असते, जोडचेन तिच्यावरच. सायकल फक्त मित्राच्या उजव्या पायावर ओढावी लागली असती.

घरी आल्यावर बोल्ट काढला, पुलरने, म्हणजे क्रँक ओढून काढायच्या अवजाराने, क्रँक उतरवली. पुलरचे आटे २२ मिलिमीटरचे. ते क्रँकमध्ये शेवटपर्यंत बसवल्याशिवाय मधला दांडा फिरवू नये, नाहीतर मऊ आटे उपटून येतात. भोक पाहिलं. एका कोपऱ्यावर चकाकी होती, पण धारा शाबूत होत्या. आसाचा चौकोन आणि भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसले. घाटातली धूळ ग्रीसमध्ये मिसळून झालेली काळी पूड निघाली, आणि ही पूडच धातू घासत होती. क्रँकला भेग नाही याची खात्री केली. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं ग्रीस लावलं, कारण तिथे घर्षण राहिलं तर पाना जड लागतो आणि आपण फसतो. मग ४० न्यूटन-मीटरला आवळला. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: वीतभर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोच्या धान्याच्या पोत्याएवढा जोर. लहान किल्लीने एवढा जोर येत नाही. बहुतेक क्रँक तिथेच कमी आवळलेल्या राहतात.

पन्नासेक किलोमीटरांनी एकदा परत तपासावं आणि मग बोल्टला हात लावू नये. दर आठवड्याला आवळत राहिलं तर क्रँक उतारावर वर वर चढत जाते आणि शेवटी भोकापाशी फाटते. तपासायचं ते हलवून, आवळून नव्हे.

आता निघण्यापूर्वी मागच्या दोन क्रँक मित्र तपासतो, पुढच्या दोन मी. तो खाली उकिडवा बसतो, दोन्ही हातांत दोन्ही क्रँक धरतो, आत-बाहेर एकदा हलवतो आणि मग डाव्या क्रँकवर तळहात दाबून जोर देऊन पाहतो. मग म्हणतो, “चल.”